एकसष्ट पानांचं शहर

भरल्या तोंडानं माणसानं वचन देऊ नये. लेलँड ब्रेकीच्या तोंडून ते वाक्य निसटलं तेव्हा बेव्हर्ली ओडेगार्डनं केलेलं अर्धं बिस्कीट त्याच्या हातात होतं, उरलेलं अर्धं तोंडात होतं, आणि त्या दोहोंच्या मधल्या फटीतून शब्द बाहेर पडले:

"मी चालवतो खेळ. तुम्ही खेळा, मिस्टर ओडेगार्ड."

समोर खिडकीपाशी वेंडल ओडेगार्ड बसले होते. केटल प्रेअरीच्या शाळेत त्यांनी लेलँडला सुतारकाम शिकवलं त्याला आता पस्तीस वर्षं होऊन गेली. त्यातली शेवटची बावीस वर्षं दर शनिवारी दुपारी त्यांच्याच तळघरात बसून लेलँडनं त्यांच्यासोबत डोंगर ओलांडले, चेटकिणींशी वाद घातले, दोन राजे गादीवर बसवले आणि एक चुकून उतरवला. तरी त्यांना नुसतं 'वेंडल' म्हणायला जीभ वळत नव्हती. काही माणसं जन्मभर फळ्यापुढंच उभी असतात.

खेळ तसा सोपा. एकजण सूत्रधार होऊन गोष्ट मांडतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि जिथं नशिबाचा प्रश्न येतो तिथं वीस पैलूंचा फासा टाकायचा. ना पट, ना सोंगट्या. असतो तो सूत्रधाराचा आवाज. ओडेगार्डांचा आवाज म्हणजे काय सांगावं! ते "पाऊस पडतोय" म्हणाले की माणसं कॉलर वर करायची.

त्या आवाजावरच जानेवारीत गाठ आली. साधीच होती, काढून टाकली. डॉक्टरांनी सांगितलं, सहा आठवडे एक शब्द नाही, कुजबूजसुद्धा नाही, मग रोज दहा मिनिटं, मग बघू. तेव्हापासून ओडेगार्ड खिडकीत बसून बर्फ बघत होते. लेलँड भेटायला गेला तो दाराजवळच अडखळला, कारण चर्चच्या जुन्या बाजारात द्यायच्या खोक्यात, फुटक्या दिव्याच्या आणि बेव्हर्लीच्या जुन्या बुटांच्या मधोमध, फाश्यांचा डबा होता. तोच तो, बिस्किटांचा, झाकणावर घोडा असलेला.

"हे काय?" लेलँडनं विचारलं.

ओडेगार्डांनी पिवळ्या वहीत लिहिलं: *बावीस वर्षं पुरे. आवाज नाही तर सूत्रधार नाही.*

"बघ ना," बेव्हर्ली म्हणाली. "मी म्हटलं, अहो, आवाज परत येणारे. तर मान फिरवून बसतात. बाजार पुढच्या महिन्यात आहे. डबा तोवर दारातच राहणार म्हणे."

आणि मग ते वाक्य निसटलं. ओडेगार्डांनी मान वर केली. बावीस वर्षांत ते एकदाही, सूत्रधार आपले कागद झाकायला उभा करतो त्या पुठ्ठ्याच्या आडोशाच्या अलीकडे, खेळणाऱ्यांत बसले नव्हते. दुसऱ्यांच्या पानात वाढून वाढून ज्याला पंगतीत बसायचं राहून गेलं, अशा माणसाच्या डोळ्यांत दिसतं तसं काहीतरी लेलँडला दिसलं. मग त्यांनी लिहिलं: *एकदा. बघू.*

घरी येईपर्यंत लेलँडला घाम फुटला होता, आणि बाहेर शून्याखाली वीस होतं.

*

लेलँड जिल्ह्याच्या कचेरीत सेप्टिक टाक्या तपासायचा. या नोकरीत माणसाला एक सवय जडते: जमिनीखाली काय आहे ते ठाऊक असल्याशिवाय जमिनीवर पाऊल टाकायचं नाही. त्यामुळे ओडेगार्डांसाठी गोष्ट रचायला बसला तेव्हा त्यानं आधी एक शहर रचलं. नदीकाठचं, सात दरवाजांचं, व्हेलमार नावाचं. नगराध्यक्ष कोण, त्याचा मेहुणा कोण, मेहुण्याचं कुणाशी बिनसलं, बेकरीत मंगळवारी काय मिळतं. आणि शहराखालची गटारं. ती तर त्यानं अशी काढली की बघत राहावं: एकशे चौदा झाकणं, प्रत्येकाला क्रमांक, उतार किती, मुख कुठं. नववं झाकण उचललं की चोरांच्या खजिन्याकडे वाट. सगळी गोष्ट त्या नवव्या झाकणात होती.

पानं झाली एकसष्ट.

"एवढं सगळं ते विचारणार आहेत का?" त्याच्या बायकोनं, मार्लिसनं विचारलं.

"विचारलं तर?"

"आणि नाही विचारलं तर?"

लेलँडनं पानांवर आकडे घालायला घेतले.

तो न्हाणीघरात कोंडून घेऊन आवाजांचा सराव करू लागला. नगराध्यक्षाचा जाडा, मेहुण्याचा नाकातून, चोरांच्या म्होरक्याचा घोगरा. तिसऱ्या दिवशी मार्लिसनं दारावर थाप मारली. "आत किती जण आहात? मला दात घासायचेत."

आता खेळ मांडायचा कुठं? ओडेगार्डांच्या तळघरात बेव्हर्लीनं बाजाराचं सामान काढलेलं. तेव्हा लेलँडच्याच तळघरात, असं ठरलं. आणि ठरलं त्याच आठवड्यात लेलँडच्या घराचं सांडपाणी नेणारा नळ गोठला.

हसू नका. केटल प्रेअरीत फेब्रुवारीत कुणाचाही नळ गोठतो. पण सेप्टिक टाक्या तपासणाऱ्याचा गोठला की त्याची बातमी होते. ज्या माणसानं अर्ध्या जिल्ह्याला "तुमची नळी नीट पुरलेली नाही" असं लिहून कळवलं, त्याच्या अंगणात जिल्ह्याचीच गाडी उभी राहिली तर लोक हळू गाडी चालवणारच. म्हणून लेलँडनं कुणालाही न कळवता प्रकरण मिटवायचं ठरवलं. कुणालाही न कळवता म्हणजे शेजारच्या गॉर्डी पिपकॉर्नला सोडून, कारण गॉर्डी कुंपणापाशी आधीच उभा होता.

गॉर्डीला जगातल्या सर्व गोष्टी ठाऊक होत्या, फक्त क्रमानं नव्हे.

"गरम पाणी ओत," गॉर्डी म्हणाला.

"गॉर्डी, माझा हाच धंदा आहे."

"म्हणून तर सांगतोय. धंदेवाल्याला साधं सुचत नाही. माझ्या मेव्हण्यानं ओतलं होतं."

"मग?"

"मग त्यांनी घर विकलं. पण ते वेगळ्या कारणानं."

ओतलं. पाणी आत गेलं, बर्फाला भेटलं, परत फिरलं, आणि येताना एकटं आलं नाही. संध्याकाळपर्यंत लेलँडच्या तळघरात घोट्याएवढं तळं, त्यात खुर्ची, त्यावर मांडून ठेवलेली सूत्रधाराची पुठ्ठ्याची आडोशाची भिंत, आणि वासाबद्दल न बोललेलंच बरं. एकसष्ट पानं वरच्या मजल्यावर होती म्हणून वाचली. जिल्ह्याची गाडी आलीच. ती चालवणारा लेलँडच्या हाताखालचाच होता, त्यानं नमुन्यातला फॉर्म काढला, गंभीरपणे भरला आणि खाली लिहिलं, "मालकास योग्य समज देण्यात आली."

*

तर उरली एकच जागा, लुथरन चर्चच्या तळघरातला हॉल. आणि त्या हॉलकडे जाणारी वाट अर्डिस व्हांगेनच्या टेबलावरून जायची.

अर्डिसबाई एकतीस वर्षं चर्चच्या कचेरीत होत्या. पाद्री आले नि गेले, कॉफीची यंत्रं आली नि गेली, अर्डिसबाई आणि त्यांचा फॉर्म जागचे हलले नाहीत. बारीक चणीच्या, चष्म्याला मण्यांची साखळी. हॉल मागायला आलेले नवरेमुलगे त्यांच्यासमोर स्वतःचं आडनाव विसरताना गावानं पाहिले होते.

"कार्यक्रमाचं स्वरूप?" अर्डिसबाईंनी पेन उघडलं.

"खेळ. गोष्टीचा खेळ."

"माणसं किती?"

"चार. मी, मिस्टर ओडेगार्ड, दाताच्या दवाखान्यातली नोरीन, आणि..." लेलँडचा आवाज पडला. "गॉर्डी पिपकॉर्न." चौथा गडी हिवाळ्यापुरता ॲरिझोनाला गेला होता, आणि तळघर बुडवल्याची भरपाई म्हणून गॉर्डीनं स्वतःला देऊ केलं होतं.

"उघडा विस्तव?"

"गोष्टीत आहे. खाली हॉलमध्ये नाही."

"जुगार?"

"छे!"

"फासे आहेत का?"

"आहेत, पण..."

"फासे आहेत," अर्डिसबाईंनी लिहिलं. "यात सैतान आहे का? मला काही वाटत नाही, पण मंडळाला विचारावं लागतं."

लेलँड सरकारी माणूस. फॉर्मवर खोटं त्याच्यानं बोलवेना. "एक आहे," तो म्हणाला. "लहानसा. पान बावन्नवर."

"किती लहान?"

त्यानं हातानं दाखवलं. अर्डिसबाईंनी हातांमधलं अंतर बघितलं, लिहिलं, आणि म्हणाल्या, "सोबत कार्यक्रमाचा सविस्तर तपशील जोडावा लागेल."

जगात कुठल्याच सूत्रधाराला असं आमंत्रण आलं नसेल. लेलँडनं पिशवीतून एकसष्ट पानं काढून टेबलावर ठेवली, नकाशांसकट.

चार दिवसांनी पानं परत आली. समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या. "पान बावीसवर देवळाची घंटा सातला वाजते," अर्डिसबाई म्हणाल्या, "आणि चाळीसवर आठला. बेकरीवाल्याच्या मुलीचं पुढं काय होतं ते दिलेलं नाही. मंडळाला चालेल. पण शनिवारी दुपारी गोधडीवाल्या बायका असतात. अर्धा हॉल त्यांचा."

"मग आम्ही दुसऱ्या..."

"अर्धा हॉल तुमचा. नंतर फरशी पुसायची."

शनिवारी चर्चच्या दारावर अर्डिसबाईंच्या ठसठशीत अक्षरात पाटी लागली: *तळघर, दुपारी एक ते चार. गोधड्या, व लेलँडचा खेळ (निरुपद्रवी).*

लेलँड त्या कंसाकडे बराच वेळ बघत उभा राहिला. बावीस वर्षांत त्यानं सतरा राक्षस मारले होते.

*

हॉलच्या एका अंगाला लांब चौकटीवर गोधडी ताणलेली. तिच्याभोवती नऊ बायका, त्यांत मार्लिस, त्यांत टोकाला अर्डिसबाई. तांबड्या तुकड्याला निळा तुकडा, आईच्या झग्याला बापाचा सदरा, असं जोडत जोडत सुया चालल्या होत्या. दुसऱ्या अंगाला घडीचं टेबल, त्यावर पुठ्ठ्याचा नवा आडोसा, त्याच्यामागं लेलँड आणि एकसष्ट पानं. मधे कॉफीचं मोठं पिंप गुरगुरत होतं.

ओडेगार्ड आले. फाश्यांचा डबा बेव्हर्लीनं हातात दिला म्हणून आणला होता. वही खिशात. चेहरा दातांच्या दवाखान्यात आल्यासारखा, आणि खरोखरच नोरीन शेजारी बसलेली.

लेलँडनं त्यांच्यासाठी पात्र लिहून ठेवलं होतं, फार विचार करून. मौनव्रत घेतलेला साधू. बोलायलाच नको. त्याला स्वतःच्या या हुशारीचं इतकं कौतुक वाटत होतं की रात्री दोनदा उठून त्यानं तो कागद वाचला होता.

ओडेगार्डांनी कागद वाचला. खिशातून पेन्सिल काढली. साधूवर काट मारली आणि वर लिहिलं: *गवई.*

"अहो पण गवयाला गावं लागतं," लेलँड म्हणाला.

ओडेगार्डांनी मान डोलावली. ते त्यांना ठाऊक होतं.

गॉर्डीच्या वाट्याला लाकूडतोड्या आला होता. "याच्याकडे बर्फ उडवायचं यंत्र का नाही?" त्यानं विचारलं.

"कारण गोष्ट हजार वर्षांपूर्वीची आहे."

"तेव्हा बर्फ पडत नव्हतं?"

नोरीन नेहमीप्रमाणे चोर झाली. आठवडाभर ती लोकांच्या तोंडात हात घालून प्रामाणिकपणे काम करायची. शनिवारी तिला चोरी लागायची.

लेलँडनं घसा साफ केला. "संध्याकाळ होत आलीये. तुम्ही तिघं नदीकाठी उभे आहात. पलीकडे व्हेलमार. सात दरवाजे, दिवे लागताहेत. एक होडी तुम्हाला पैलतीरी नेते, आणि तुम्ही दक्षिण दरवाजातून..."

"थांब," नोरीन म्हणाली. "होडी कुणाची?"

"होडी... होडीवाल्याची."

"नाव काय त्याचं?"

लेलँडनं पानं चाळली. नगराध्यक्षाच्या मेहुण्याच्या कुत्र्याचं नाव होतं. होडीवाल्याचं नव्हतं.

"होडी कशी चालते? वल्ह्यानं की दोरानं?" गॉर्डी म्हणाला. "दोर असेल तर गाठ कुठली मारलीये? माझ्या मेव्हण्यानं..."

"मी होडी चोरते," नोरीन म्हणाली.

"तुम्ही होडी चोरू नका. होडी तुम्हाला आपणहोऊन नेतेय!"

"फुकट? मग नक्की काहीतरी गडबड आहे. कोण आहे तो? मी त्याच्याशी बोलते."

या खेळाचं हे असंच आहे. सूत्रधार महाल बांधतो आणि मंडळी दारातल्या पायपुसण्याशी गप्पा मारत बसतात. ओडेगार्ड त्याच्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत कीव नव्हती, कुतूहल होतं: आता काय करशील, पोरा? आणि लेलँडला काही सुचेना. डोक्यात एकशे चौदा झाकणं, सगळी बंद. नदीवरून माणसाला सोडायचं की नाही ते ठरवणारं माणूस कसं बोलतं? असं कुणी, जिच्या टेबलावरून गेल्याशिवाय पलीकडे जाताच येत नाही...

लेलँडचे खांदे आपोआप आखडले. हनुवटी वर गेली. नाकावर नसलेला चष्मा त्यानं एका बोटानं सारखा केला.

"होडीवाली आहे," तो त्या आवाजात म्हणाला. "ती विचारते, माणसं किती? पलीकडे जाण्याचं स्वरूप काय? सोबत उघडा विस्तव? फासे आहेत का? आणि होडी नंतर पुसणार कोण?"

नोरीनच्या तोंडातली कॉफी टेबलावर आली. गॉर्डीनं मांडीवर थाप मारली. आणि गोधडीकडे नऊ सुया एकदम थांबल्या.

अर्डिसबाई उठल्या. सगळा हॉल ओलांडून आल्या. लेलँडला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. पण खाली काय काय असतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"मी," अर्डिसबाई म्हणाल्या, "अशी बोलत नाही."

"नाही. म्हणजे... माफ करा..."

"ती होडीवाली असली तर एवढे प्रश्न विचारणार नाही. नदीवर वारं असतं. थंडीत कुणी एवढं बोलतं का?" त्यांनी खुर्ची ओढली. "सरक तिकडं."

त्या बसल्या. मांडीवर हात ठेवले. आणि तिघांकडे अशा बघू लागल्या की गॉर्डीनं टोपी काढली.

"तिन्हीसांजेनंतर मी नाव सोडत नाही," अर्डिसबाई म्हणाल्या. "माझा नवरा असाच गेला होता संध्याकाळचा. परत यायचं म्हणाला होता. तुम्हाला पलीकडं जायचंय ना? मग मला असं काहीतरी द्या की मला पलीकडं जावंसं वाटेल."

लेलँडनं पानं उलटून पाहिली. हे त्याच्या कुठल्याच पानावर नव्हतं.

"मी तिचा दोर चोरते," नोरीन हळूच म्हणाली. पण तिचाच जीव त्यात नव्हता.

तेव्हा ओडेगार्डांनी वही काढली.

ते लिहीत राहिले. पेन्सिल थांबे, टोक ओठाला लागे, पुन्हा चाले. बायका एकेक करून उठून आल्या होत्या, सुया पदरी खोचाव्यात तशा कॉलरला टोचून. ओडेगार्डांनी पान फाडून टेबलाच्या मधे सरकवलं, आणि दोन बोटांनी टेबलावर ठेका धरला. टक, टक-टक, टक. बोटं वर गेली की सूर वर, खाली आली की खाली.

"ही चाल मला ठाऊक आहे," मार्लिस म्हणाली. "जेवणाआधीच्या प्रार्थनेची. जरा संथ."

दर रविवारी चर्चमध्ये एकत्र गाणाऱ्या लुथरन बायकांना एक सांगावं लागत नाही, सूर वाटून घ्या म्हणून. एक खालून निघाली, दोघी वरून, बाकीच्यांनी मधली जागा भरली. गवयाचे शब्द आणि आठ जणींचा गळा:

*नदी माझी बाई, हिला बर्फाचं पांघरूण*
*वर झोपेचं गं सोंग, आत चालली जागून*

*नावेवाली माझी बाई, हिच्या हातामधी दोर*
*हिच्या एका झटक्याला, उभा पैलतीर समोर*

ओडेगार्डांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. पण गाणं त्यांचंच होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

शेवटचा सूर विरला. आता गाणं होडीवालीच्या काळजाला भिडलं की नाही, हे फासा सांगणार. दहाच्या वर पडला तर भिडलं. ओडेगार्डांनी डबा उघडला, वीस पैलूंचा हिरवा फासा निवडला, मुठीत घोळवला आणि टाकला. फासा टेबलावरून उड्या मारत गेला, आडोशाला धडकला, कडेनं वळला आणि थेट लेलँडच्या पानांवर येऊन थांबला. नेमका त्यालाच दिसेल असा.

दोन.

लेलँडनं डोळे मिटून उघडले. दोनच.

काय बिघडणार होतं? "अठरा!" म्हणायचं. टाळ्या पडल्या असत्या. म्हातारा हसला असता, डबा पुन्हा बाजाराच्या खोक्यात गेला नसता. एक आकडा इकडचा तिकडे. पण लेलँडला सात वर्षांपूर्वीचा शनिवार आठवला, त्याचा स्वतःचा लाडका योद्धा पुलावर मेला तो. ओडेगार्डांनी तेव्हा फासा उघडा टाकला होता, आकडा बघून त्यांचे डोळे भरून आले होते, आणि तरी त्यांनी तो जसा पडला तसा सांगितला होता. लेलँड त्या दिवशी आठवडाभर पुरेल इतका रडला. आणि त्यानंतर प्रत्येक विजय त्याला खरा वाटत आला.

ओडेगार्ड त्याच्याकडेच बघत होते. खेळणारा बघतो तसे, जीव मुठीत धरून.

"दोन," लेलँड म्हणाला.

"काय!" मार्लिस ओरडली. "इतकं छान म्हटलं आम्ही, आणि दोन?"

"पुन्हा टाकू दे त्यांना!" मागून कुणीतरी.

"फासा वाकडा पडलाय. टेबल उताराला आहे," गॉर्डी म्हणाला. "मी आल्यापासून बघतोय."

"दोन," लेलँड पुन्हा म्हणाला. पुढचं वाक्य कुठून आलं ते त्याला सांगता येणार नाही. कुठल्याही आवाजाची नक्कल न करता, आपल्या साध्या, सेप्टिक टाक्या तपासणाऱ्या आवाजात तो बोलू लागला. "गाणं छानच झालं. तेच तर वाईट झालं. होडीवालीनं तुम्हाला नावेत घेतलं, नाव सोडली, आणि नदीच्या मधोमध गाण्याचा पुढचा सूर लागला. तिला तिचा नवरा आठवला. आणि ऐकता ऐकता... तिच्या हातातला दोर सुटला."

अर्डिसबाई ताठ झाल्या. "मी? दोर सोडीन? एकतीस वर्षांत मी..." त्या थांबल्या. टेबलावरचं ते फाडलेलं पान त्यांनी पुन्हा वाचलं. साखळीचे मणी किंचित हलले.

"बरं," त्या म्हणाल्या. "सुटला."

एकच कल्लोळ! नाव फिरली. गॉर्डी उभा राहून गाठींबद्दल ओरडू लागला, नोरीन म्हणे मी पाण्यात उडी मारून दोर पकडते, तिला फाश्यावर एक पडला, ती बुडाली, गॉर्डीनं कुऱ्हाडीचा दांडा पुढं केला, त्याला एकोणीस पडले आणि केटल प्रेअरीच्या इतिहासात पहिल्यांदाच गॉर्डी पिपकॉर्नचा उपाय लागू पडला. बायका दोन्ही बाजूंनी सल्ले देत होत्या. नाव प्रवाहाला लागली.

आणि डाव्या हाताला व्हेलमार दिसू लागलं. पहिला दरवाजा. दुसरा. दिव्यांच्या ओळी. नगराध्यक्षाचा सज्जा. लेलँड एकेक पान उलटत होता आणि वाहत्या नावेतून त्याचं शहर हळूहळू मागं पडत होतं: मेहुणा, कुत्रा, लहानसा सैतान, एकशे चौदा झाकणं, आणि नववं.

"बेकरी गेली!" अर्डिसबाईंच्या तोंडून निघून गेलं. त्या शहराबद्दल हळहळणारं जगात दुसरं एकच माणूस होतं, आणि ते आडोशामागं बसलं होतं. पण गंमत म्हणजे लेलँडला हळहळ वाटेना. सातवा दरवाजा वळणाआड गेला तसं त्याला पाठीवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं.

तेवढ्यात नोरीन म्हणाली, "मिस्टर ओडेगार्ड ठीक आहेत ना?"

ओडेगार्ड खुर्चीत पुढं वाकले होते. खांदे गदगदत होते. तोंडावर हात. बेव्हर्लीला फोन करायला मार्लिस निघालीसुद्धा. मग त्यांनी हात काढला. म्हातारा हसत होता. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत, मूल हसतं तसा. वही ओढून त्यांनी वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं आणि पान लेलँडकडे ढकललं:

*गवई होडीच्या टोकावर जाऊन उभा राहतो. पुढच्या शनिवारी किती वाजता?*

*

नंतरच्या शनिवारी पाटीवरून कंस नाहीसा झाला. गोधडीची चौकट घडीच्या टेबलाला लागून आली, म्हणजे बसल्या जागेवरून बोलता येई. नाव दर खेपेला नव्या वळणावर. होडीवाली काही उतरायला तयार नव्हती. आणि ओडेगार्डांबद्दल एक गोष्ट हळूहळू सगळ्यांच्या ध्यानात आली, पण बोलायला कुणी धजेना: खेळाडू म्हणून ते भयंकर होते. बावीस वर्षं ज्यांनी "एकावेळी एकानंच" म्हणून दटावलं, ते दुसऱ्याच्या पाळीत चिठ्ठ्या सरकवत. नियमांवरून वाद घालत, तेही लेखी, कलमवार. मधेच एक बकरी पाळायची म्हणून अख्खी दुपार खाल्ली. लेलँड कपाळाला हात लावून बसे, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून गोधडीवाल्या बायका एकमेकींना कोपर मारत.

सहा आठवडे संपले. खेळाच्या चौथ्या शनिवारी ओडेगार्डांना रोज दहा मिनिटं बोलायची परवानगी होती. बेव्हर्ली त्यांना सोडायला आली ती फणकाऱ्यातच.

"सकाळपासून तोंड उघडलेलं नाही! चहा हवा का, तर खूण. अहो, पहिला शब्द तरी मला बोला, म्हटलं. एक्केचाळीस वर्षं बायको आहे मी. तर वहीत लिहितात काय, *दहा मिनिटं दुपारी लागतील.*"

लेलँड उठला. त्यानं मनाची तयारी केली होती. त्यानं आडोसा घडी केला, दोन्ही हातांनी धरून ओडेगार्डांपुढं ठेवला आणि म्हणाला, "तुमची जागा, मिस्टर ओडेगार्ड. मी राखून ठेवली होती."

ओडेगार्डांनी पुठ्ठ्यावर हात फिरवला. मग दोन बोटांनी तो लेलँडकडे परत सरकवला, खिशातून स्वयंपाकघरातलं अंडी उकडायचं घड्याळ काढलं, दहावर फिरवलं आणि टेबलावर ठेवलं.

"नाव," ते म्हणाले. आवाज करवतीनं कापल्यासारखा, खरबरीत. पण बायकांनी नकळत शाली आवळून घेतल्या, कारण त्या एका शब्दाला वारं लागलं होतं. "नाव अजून पाण्यात आहे. मला कुठं पाठवतोस?"

आणि ते बोलू लागले. गवई होडीच्या टोकावर होता, समोर धबधब्याचा आवाज येत होता, बकरी घाबरली होती. गवयाच्या मनात एक युक्ती होती. ती त्यानं गेले तीन शनिवार कुणाला लिहून दाखवली नव्हती. त्यासाठी त्याला होडीवालीचा दोर, चोराचे बूट आणि लाकूडतोड्याची टोपी लागणार होती. त्यानं तिन्ही वस्तू मागून घेतल्या. अर्डिसबाईंनी दोर देताना सही मागितली नाही. गवयानं दोराचं एक टोक बकरीला बांधलं, दुसरं आपल्या कमरेला, बूट घातले, टोपी वाऱ्यात भिरकावली, एक पाय होडीच्या काठावर ठेवला, आणि...

घड्याळ खणखणलं.

ओडेगार्डांनी तोंड मिटलं. खुर्चीला पाठ टेकली. कॉफीचा पेला उचलला आणि डॉक्टरांचा आज्ञाधारक रुग्ण कसा असावा तसे सगळ्यांकडे बघून गोड हसले.

"अहो! हे काय!" नोरीन किंचाळली. गॉर्डीनं घड्याळ उचलून कानाला लावलं. बायकांनी सुया टाकल्या. पण सगळ्यांत मोठा आवाज आडोशामागून आला. तिथं लेलँड ब्रेकी उभा राहिला होता, कोरे कागद हातात चुरगाळून, सूत्रधाराची सगळी प्रतिष्ठा विसरून.

"आणि मग?" तो ओरडत होता. "मिस्टर ओडेगार्ड! मग काय केलंत?"